पंधराशे चाळीस किलोंचा मालक

तिहोमिरला गाडी घ्यायची नव्हती. ती घेण्याजोगी आहे की नाही, एवढेच त्याला ठरवायचे होते. आणि या दोन गोष्टींमधला फरक त्याच्या दृष्टीने किलो आणि ग्रॅम यांच्यातल्या फरकाइतका स्वच्छ होता. क्रागुयेवात्स शहराच्या वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षे काढलेल्या माणसाला असले फरक समजावून द्यावे लागत नाहीत. बाजारातले कसाई आणि चीजवाल्या बायका त्याच्या पाठीमागे त्याला ‘ग्रॅम’ म्हणत. हे त्याला ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. चार ग्रॅमांनी खोटा ठरलेला एक काटा त्याने एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातून जप्त केला होता. मेव्हणा त्यानंतर दोन नाताळ त्याच्याशी बोलला नाही. तिहोमिरला त्याचे वाईट वाटले. पण काटा खोटा होता, याला तो तरी काय करणार?

तेव्हा त्या नव्या, छोट्या, विजेवर चालणाऱ्या एसयूव्हीचे मोल ठरवायचे, तर ते रीतसरच ठरवायला हवे होते. त्याने एक वही मांडली. डावीकडे ‘बाजूने’, उजवीकडे ‘विरुद्ध’. तीन वेळा शोरूममध्ये जाऊन त्याने येलित्सा नावाच्या विक्री प्रतिनिधीला एकूण एक्केचाळीस प्रश्न विचारले. बॅटरी थंडीत किती टक्के आखडते, टायर कोणत्या महिन्यात बनले, आणि माहितीपत्रकात छापलेले वजन वायपरच्या पाण्यासकट आहे की पाण्याविना. हा शेवटचा प्रश्न ऐकून येलित्साने हातातले पेन खाली ठेवले.

“साहेब, असं करू या,” ती म्हणाली. “शुक्रवारी दुपारी गाडी घरी न्या. सोमवारी सकाळी दहाला परत आणा. काय मोजायचं ते मोजा. घरातल्यांनाही चालवू द्या. मला मात्र शनिवार-रविवार जरा विश्रांती घेऊ द्या.”

तिहोमिरने अटी दोनदा वाचल्या, सही केली, आणि फिकट हिरव्या रंगाची ती गाडी घेऊन तो घरी आला.

आता या शहराविषयी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. इथे मोटारींचा मोठा कारखाना आहे, आणि साठी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाने आयुष्याचा काही भाग मोटारीचा काही भाग बनवण्यात घालवलेला आहे. इतर गावांत निवृत्त माणसे राजकारणावर बोलतात. इथे ती दरवाजाच्या बिजागरीवर बोलतात. तिहोमिरच्या इमारतीच्या अंगणात लिंडेनच्या झाडाखाली असे चार जण रोज बसत, आणि त्यांचा म्होरक्या होता ओब्राद. कारखान्यात गाडीचा पत्रा घडवणाऱ्या विभागात एकतीस वर्षे फोरमन, सध्या विधुर, पहिल्या मजल्यावर एकटा.

गाडी आवाज न करता अंगणात शिरली. ओब्रादने मान वळवून पाहिले तेव्हा ती थांबलेलीसुद्धा होती. तो उठला, गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेराने दार ठोकून पाहिले, आणि मग तिहोमिरला काही बोलू न देता त्याच्या दोन्ही गालांवर मिळून तीन मुके घेतले.

“अभिनंदन, शेजारी! अरे, पण पत्ता लागू दिला नाहीस! लपवून ठेवलीस होय?”

याच क्षणी तिहोमिरने म्हणायला हवे होते, ‘ओब्रादकाका, ही माझी नाही.’ एवढे चार शब्द. पण तो मुळात अर्धवट विधान करणारा माणूस नव्हता. त्याला चाचणीची मुदत, कराराची अट आणि वहीचे दोन रकाने, सगळे क्रमाने सांगायचे होते. क्रमाची जुळवाजुळव होईपर्यंत ओब्राद घरात जाऊन आलुबुखाराच्या राकियाची, म्हणजे घरगुती दारूची, बाटली घेऊन आला. त्याने एक पेला तिहोमिरच्या हातात दिला आणि दुसरा पुढच्या डाव्या चाकावर ओतला.

“सुखाची होवो!” ओब्राद म्हणाला.

“आभारी आहे,” तिहोमिर म्हणाला, आणि प्याला.

चाकावर राकिया पडली, मालक प्याला, की गाडी घेतली. सगळ्या सर्बियात या व्यवहाराला याहून भक्कम कागद नाही. आणि मालक प्याला म्हणजे त्याने शेजाऱ्यांना खाऊपिऊ घालणे ओघानेच आले. ते केले नाही, तर गाडी पहिल्याच हिवाळ्यात रुसते, असे मानणारी माणसे तिहोमिरने पाहिली होती. तसे न मानणारी पण तरीही जेवायला येणारी त्याहून जास्त पाहिली होती.

“मग? पार्टी कधी?” झाडाखालून कोणीतरी ओरडले.

“रविवारी,” तिहोमिरच्या तोंडून गेले. रविवार लांब आहे, तोवर उलगडा करता येईल, असा त्याचा हिशोब होता. आयुष्यात त्याचे एवढे ढोबळ माप याआधी कधी झाले नव्हते.

वरच्या मजल्यावर त्याची बायको वेरित्सा शिलाईयंत्रावर होती. ती घरीच पडदे शिवून द्यायची. निम्म्या शहराच्या खिडक्यांवर तिच्या हातचे पडदे होते. तिने खिडकीतून सगळे पाहिले होते.

“तू काकांना सांगितलं नाहीस?”

“सांगत होतो. त्यांनी बाटली आणली.”

“बाटली आणली म्हणून जीभ गेली?”

“उद्या सांगतो. नीट, क्रमाने.”

“क्रमाने!” वेरित्सा म्हणाली आणि तिने पुन्हा यंत्र सुरू केले.

संध्याकाळी चार्जिंगचा प्रश्न उभा राहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली सोडलेली लांब जोडवायर मिलुंका आजींच्या बाल्कनीवरून जात होती, म्हणून त्यांची परवानगी घेणे भाग होते. मिलुंका आजींनी परवानगी दिली. पण वायर कपडे वाळत घालायच्या दोरीला दोन चिमट्यांनी बांधून टाकली, म्हणजे वाऱ्याने हलायला नको. त्या वेळी त्यांच्या भट्टीत चीजची गिबानित्सा भाजत होती. तिहोमिरने खाली गाडीला वायर लावली, आणि तिसऱ्या जिन्यापर्यंतच्या सगळ्या घरांतले दिवे एकदम गेले.

फ्यूज बदलला गेला. गिबानित्सा मधोमध कच्ची राहिली. आजी मात्र रागावल्या नाहीत. खाली येऊन त्यांनी गाडीच्या आरशाला लाल दोरा बांधला.

“दृष्ट लागली बघ तिहोमिर! आल्या आल्या लागली. रंगच असा देखणा घेतलास.”

“आजी, मी अजून—”

“सोडू नकोस तो दोरा. चाळीस दिवस.”

शनिवारी सकाळी इमारतीचा व्यवस्थापक स्रेतेन फाइल घेऊन हजर झाला. स्रेतेन हा वाईट माणूस नव्हता. फक्त कोणतीही गोष्ट लेखी असल्याशिवाय घडली असे त्याला वाटत नसे, आणि या एका बाबतीत तिहोमिरला त्याच्याविषयी गुपचूप आदर होता.

“शेजारी, अंगणाखाली काय आहे, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होते. जुन्या काळात प्रत्येक इमारतीखाली बांधत तसे बाँबपासून बचावाचे तळघर होते. सध्या तिथे सर्वांच्या लोणच्यांच्या बरण्या होत्या.

“या विजेच्या गाड्या दिसतात लहान, पण असतात जड,” स्रेतेन म्हणाला. “स्लॅब खचला तर? अठरा कुटुंबांचं लोणचं आहे खाली. मला वजनाचा दाखला लागेल. तोलणाऱ्या निरीक्षकाची सही-शिक्का, आणि खाली मालकाची सही. तुमचं बरं आहे, दोन्ही तुम्हीच.”

तिहोमिरने मनात दोन्ही शब्द तोलून पाहिले. ‘निरीक्षक’ हे खरे होते. ‘मालक’ हे खोटे होते. आणि सत्तावीस वर्षांत ज्या कागदावर त्याचा शिक्का पडला, त्या कागदावर एकही खोटा शब्द नव्हता. बाजारात त्याची जी काही किंमत होती, ती एवढ्यावरच होती. पगाराने माणसाला ग्रॅम म्हणत नाहीत.

निदान वजन तरी खरे असावे म्हणून तो गाडी घेऊन शहराबाहेरच्या धान्य व्यापाऱ्याच्या भुईकाट्यावर गेला. ट्रक तोलायचा हा काटा त्याने स्वतःच वसंतात तपासून मंजूर केला होता. ओब्राद ‘बघायला’ म्हणून मागच्या सीटवर येऊन बसला होता. वाटेत त्याने बॉनेट उघडायला लावले, आत इंजिनाच्या जागी प्लास्टिकची टोपली पाहिली, आणि तिचा तळ बोटाने ठोकून पाहिला.

“यात काय ठेवायचं?” त्याने विचारले.

“सामान. दोन पिशव्या बटाटे मावतात, असं म्हणतात.”

“एकतीस वर्षं मी ज्या जागेचा आदर केला, तिथे बटाटे?”

तिहोमिर खाली उतरला आणि त्याने आकडा पाहिला. सोळाशे बारा. माहितीपत्रकात पंधराशे चाळीस. बहात्तर किलोंची तफावत! त्याच्या डोळ्यांपुढे जप्तीचा कागद तरळून गेला. मग त्याच्या लक्षात आले की ओब्राद अजून आतच बसला आहे.

“ओब्रादकाका, उतरा की!”

“सीट चांगली आहे रे. पाठीला बरं वाटतं.” ओब्राद नाखुशीने उतरला. आकडा पंधराशे चाळीसवर आला. “म्हणजे मी किती?”

“बहात्तर.”

“छट! मी चौऱ्याऐंशी आहे. तुझा काटा खोटा आहे.”

“काटा मी तपासलाय, काका.”

ओब्रादने खाली पाहिले. त्याने पँटचा पट्टा चाचपला. त्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोके होती.

“मिलेवाच्या वेळी चौऱ्याऐंशी होतो,” तो म्हणाला. मिलेवा म्हणजे त्याची बायको. ती जाऊन दीड वर्ष झाले होते. “त्यानंतर काट्यावर उभा राहिलो नाही. एकट्यासाठी कोण रांधतं? पाव असतो, सलामी असते.” मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला. “पण उद्या पार्टीला कोकरू आहे ना? सगळं कोकरू, की नुसता फरा?”

गाडी आपली नाही हे सांगायला याहून शांत आणि निवांत जागा मिळाली नसती. आजूबाजूला मक्याची शेते होती, ऐकायला कोणी नव्हते. तिहोमिरने क्रम जुळवला. तोंड उघडले.

“सगळं,” तो म्हणाला.

घरी येऊन त्याने वही काढली. शेजाऱ्यांची मते एव्हाना दोन्ही रकान्यांतून ओसंडत होती. एक म्हणत होता, ही गाडी म्हणजे चाकांवरचा मोबाइल, चार वर्षांनी फेकायचा. दुसऱ्याच्या मते पेट्रोलचे पैसे वाचतील, पण त्या पैशांचे काय करायचे या विचाराने झोप जाईल. मिलुंका आजींचे म्हणणे होते की चढायला उंच नाही आणि उतरायला खोल नाही, एवढे एकच वाहन त्यांनी आयुष्यात पाहिले. तिहोमिरने सगळे नोंदवले, प्रत्येक मताला एक ते पाच गुण दिले, बेरजा केल्या. बाजूने त्रेसष्ट. विरुद्ध त्रेसष्ट. त्याने बेरीज पुन्हा केली. काटा मधोमध उभा होता, तसूभर हलत नव्हता.

“किल्ली दे,” वेरित्सा म्हणाली. “ग्रोश्नित्सात एका बाईंना पडदे पोचवायचेत. जुन्या गाडीत दांडे मावत नाहीत, दर वेळी भाचा बोलवावा लागतो.”

“सावकाश जा. आणि किती टक्के बॅटरी खर्च झाली ते—”

“लिहून आणते,” ती म्हणाली. येताना मात्र ती काही लिहून आणायला विसरली. चांगली तीन तास बाहेर होती, आणि आल्यावर गाणे गुणगुणत होती. तिहोमिरने हे वहीत नोंदवले नाही, कारण कोणत्या रकान्यात नोंदवायचे ते त्याला कळले नाही.

रविवारी दुपारी एक वाजता अंगणात तीन टेबले लागली. निमंत्रण दहा जणांना होते, सत्तावीस आले. कोकरू भट्टीवाल्याकडून भाजून आले, तेव्हा ते उचलायला चार हात पुढे सरसावले. झाडाखालच्या मंडळींनी गाडीचे प्रत्येक दार तीन-तीनदा आपटून पाहिले आणि आवाजावरून पत्र्याची जाडी सांगितली. चौघांचे चार आकडे आले. ओब्राद टेबलाच्या टोकाशी बसला होता, आणि इतक्या शांतपणे, इतक्या मन लावून जेवत होता की तिहोमिरला त्याच्याकडे बघवतही नव्हते आणि नजर काढवतही नव्हती.

“मालकासाठी!” ओब्रादने पेला उचलला.

“मालकासाठी!” सव्वीस पेले उठले.

आणि स्रेतेनने टेबलावरची हाडे बाजूला सारून फाइल उघडली.

“सगळे आहेतच, तर एवढं उरकून टाकू. वजन पंधराशे चाळीस, हे मी लिहिलंय. इथे निरीक्षक म्हणून शिक्का. इथे मालक म्हणून सही.”

तिहोमिरने शिक्का मारला. वजन खरे होते. मग पेन खालच्या रेघेवर नेले. रेघ साधी होती, दोन इंच लांब. भोवती माणसे हसत होती, कोणीतरी अकॉर्डियन आणायला वर गेले होते. एक सही केली असती, तर सोमवारी दहा वाजेपर्यंत कोणालाही काही कळले नसते. नंतर काहीतरी कारण सांगता आले असते. बॅटरी, हप्ता, काहीही. तिहोमिरने पेन खाली ठेवले आणि तो उभा राहिला.

“ही गाडी माझी नाही,” तो म्हणाला.

क्रम बिम काही नव्हता. कोणाला वाटले हा भाषण सुरू करतोय.

“चालवून बघायला आणली आहे. उद्या दहाला परत करायची. शुक्रवारीच सांगायला हवं होतं. ओब्रादकाकांनी पेला दिला आणि मी... प्यालो. चूक माझी. तुम्ही सगळे जेवा. कोकरू खरं आहे.”

मिलुंका आजींनी हळूच छातीवर क्रूसाची खूण केली. ओब्रादने काटा-चमचा खाली ठेवला, तोंड पुसले.

“मग मी ओतली कुणाच्या चाकावर?” त्याने विचारले. आवाजात राग नव्हता. रुमाल हरवलेल्या माणसासारखा तो इकडेतिकडे पाहत होता. “सात वर्षं मुरलेली होती रे ती. मिलेवाच्या हातची शेवटची बाटली.”

अप्रामाणिक काट्यांवर तिहोमिरने आजवर दंड बसवले होते; पण काट्याला आतून काय वाटत असेल, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होते.

“माझ्या चाकावर,” वेरित्सा म्हणाली.

ती कोशिंबिरीचे भांडे घेऊन जिन्यातून येत होती. तिने भांडे टेबलावर ठेवले, हात पुसले.

“खरंच बोलतोय तो. गाडी त्याची नाही. माझी आहे. काल पडदे पोचवून शोरूममध्ये गेले, विसार दिला, हीच गाडी ठरवली. गिऱ्हाइकांना चालवून दाखवायची गाडी आहे म्हणून जरा स्वस्तात सोडली तिथल्या त्या मुलीने. बाकीचे कागद उद्या.”

“तू?” तिहोमिर म्हणाला. “पण... काय बघून?”

“दोन मीटर दहाचा दांडा पुढची सीट पाडून आत गेला. टेप लावून बघितलं. डिकीचा उंबरा माझ्या कमरेला येतो, वाकावं लागत नाही. आणखी काय बघायचं?”

“वहीत तर—”

“तुझ्या वहीत दांडा होता का?”

नव्हता. एक्केचाळीस प्रश्न होते, एकशे सव्वीस गुण होते; दांडा नव्हता. टेबलाभोवती हळूहळू हसू पसरले आणि अकॉर्डियनवाल्याने घाईने एक सूर काढला. पण स्रेतेनने हात वर केला.

“एक मिनिट. मालकीणबाई निरीक्षकाची बायको असेल, तर निरीक्षकाचा शिक्का चालत नाही. नातेसंबंध. चाचाक शहराहून दुसरा निरीक्षक बोलवावा लागेल. आणि कागद उद्या होणार, म्हणजे आज ही गाडी कुणाचीच नाही. बेवारशी गाडी मी स्लॅबवर उभी राहू देऊ शकत नाही.”

“अरे लोणच्याच्या राजा, बस की खाली!” कोणीतरी ओरडले.

“बरोबर आहे त्याचं,” तिहोमिर म्हणाला. सबंध दुपारभरात पहिल्यांदाच त्याला पायांखाली जमीन लागली होती. “कलम अगदी तसंच आहे. माझा शिक्का रद्द समजा.”

“ते तुमचं तुम्ही बघा,” ओब्राद म्हणाला. त्याने कोकराची बरगडी पुन्हा उचलली होती आणि त्याच्या डोळ्यांत फोरमनची जुनी चमक परतली होती. “पण माझा एक मुद्दा आहे. पार्टी द्यायची असते मालकाने. आजची दिली तिहोमिरने, आणि तो मालक नाही, हे त्याने सर्वांसमक्ष सांगितलं. म्हणजे ही पार्टी धरता येत नाही. वेरित्सा, तुझी कधी?”

सव्वीस माणसांनी हा मुद्दा मान्य केला. सत्ताविसावा तिहोमिर, नियम म्हणून पाहिले तर त्यालाही तो मान्य करावा लागला.

“पुढच्या रविवारी,” वेरित्सा म्हणाली. “आणि काका, तोवर रोज दुपारी आमच्याकडे या. तुम्ही जेवलात की मला पाककृती बरोबर जमली का ते कळतं. ह्याला काही विचारलं तर मीठ किती ग्रॅम ते सांगतो.”

पाचच्या सुमारास टेबले आवरली. स्रेतेन दाराशी उभा राहून गाडी अंगणाबाहेर निघण्याची वाट पाहत होता, म्हणून तिहोमिरने किल्लीसाठी हात पुढे केला.

“मी काढते,” वेरित्सा म्हणाली. “तू बस शेजारी.”

तो बसला. या बाजूने त्याने कधी काही पाहिले नव्हते. लिंडेनचे झाडसुद्धा भलतीकडे आल्यासारखे वाटले. गाडी सरकली तेव्हा कशाचाही आवाज झाला नाही. खडखड नाही, घरघर नाही. जुन्या गाडीत तीस वर्षे ती काही म्हणाली, की तो ‘काय?’ म्हणायचा, आणि ती ‘काही नाही’ म्हणायची. आता तिच्या बांगड्या स्टीअरिंगच्या कडेला लागल्या तेवढेही ऐकू आले.

“तिहोमिर, ऐकू येतंय का?” कोपऱ्यावर वळताना तिने हळूच विचारले.

“हो. स्वच्छ.”

“मग ऐक,” वेरित्सा म्हणाली, आणि बोलू लागली.